कपाटामागची भिंत

रविवार, ४ फेब्रुवारी

ही वही अंत्यविधीवाल्या कंपनीने फुकट दिली. दर पानाखाली एक शवपेटी छापलीय आणि शेजारी "आजच हप्ता भरा". लिहीत लिहीत हात पेटीपाशी आला की मी पान उलटते. म्हाताऱ्यांच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "मामचुनू, तुम्ही जसं बोलता तसं लिहा." मी किती बोलते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तर आज आम्ही आमच्या घरात आलो. आमच्या! माझी नात खेथिवे नर्स आहे. तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, तेव्हापासून ती आणि मी. नऊ वर्षं तिने जादा पाळ्या केल्या, नवे बूट घेतले नाहीत, लग्नाचं बोलायला आलेल्या एकाला "थांब" म्हणाली तर तो थांबलाच नाही. ती सगळी शिल्लक या घरात गेली. वर बँकेचं कर्ज, वीस वर्षांचं. मी आत्ता एकाहत्तर. फेडून होईल तेव्हा मी असेन की नाही म्हणून पानाच्या खाली बघितलं आणि पान उलटलं.

मला स्वतःची खोली मिळाली. मागची. आयुष्यभर मी एक तर मालकिणीच्या स्वयंपाकघरामागे झोपले नाही तर चार पोरांच्या पायांमध्ये. आता खिडकी आहे, खिडकीतून टेकडी दिसते, टेकडीवर निलगिरीची झाडं. आणि भलंमोठं कपाट! घर विकणारे झोंडीसाहेब ते मला बक्षीस देऊन गेले. काय माणूस! मला माझ्या कुळाच्या बिरुदांनी हाक मारली, आजकाल कोण मारतं? म्हणाले, "आई, हे कपाट तुमच्यासाठीच ठेवून जातो. फक्त भिंतीपासून हलवू नका. जुनं लाकूड आहे, पाय मोडतील." मी म्हटलं, "नोंदाबा, माझ्या हातून हलणार नाही." नोंदाबा हे झोंडी कुळाचं बिरुद. मलाही येतं म्हटलं.

सगळ्या घराला ताजा रंग आहे. वास अजून जात नाही. खेथिवे खिडक्या उघडते, मी लावते. मला आवडतो नव्याचा वास.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

दुपारी एकला भोंगा वाजला. मला वाटलं शाळा सुटली. तेवढ्यात जमिनीच्या पोटातून ढुम्म! कपबशा फळीवर नाचल्या, एक तर टोकापर्यंत येऊन वाकून खाली बघायला लागली. मी धावत अंगणात. कुंपणापलीकडे शेजारीण मादुमा कपडे वाळत घालत होती, तिने मान वर केली नाही.

"अगं, भूकंप!"

"भूकंप कसला? खाण आहे टेकडीमागे, दगडाची. दर गुरुवारी सुरुंग उडवतात. झोंडीने नाही सांगितलं?"

"राहून गेलं असेल. घर बदलताना माणसाला शंभर कामं."

"तुम्ही घर बघायला कधी आला होतात?"

"चारदा आलो. प्रार्थना आटोपून, चारही वेळा रविवारी. एजंटबाईच म्हणायच्या, रविवारी या, निवांत असतं."

मादुमा हसायला लागली. इतकी हसली की तिला कुंपणाला धरावं लागलं. मीही हसले. हसण्यासारखं काय ते कळलं नाही, पण शेजारणीला एकटीला हसू देणं बरं दिसत नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

भिंतीतून आवाज येतात. कपाटामागून. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक् टक्. मादुमाला सांगितलं तर ती म्हणाली, "त्या खोलीत म्हातारा झोंडी गेला ना, दोन वर्षांपूर्वी. छातीत पाणी झालं होतं. कानाने पार बहिरा, पण स्वभावाने सोनं." म्हणजे झोंडीसाहेबांचे वडील.

आता दुसरी कुणी घाबरली असती. मला तर बरंच वाटलं. एवढ्या मोठ्या खोलीत एकटीने काय करायचं? रोज सकाळी "जाग आली का नोंदाबा?" म्हणते, जरा ओरडून. तो टक् करतो. एवढा सोयीचा माणूस माझा नवराही नव्हता.

पण एक मनात येतं. लेकाने बापाला नेलं कसं नाही? घर सोडताना घरातल्या गेलेल्या माणसाला सांगायचं असतं, फांदीवर बसवून न्यायचं असतं. घाईत राहून गेलं असेल. फार गोष्टी राहून जातात बिचाऱ्याच्या.

शुक्रवार, १ मार्च

कालच्या सुरुंगानंतर माझ्या खोलीचं दार अडकायला लागलं. खेथिवेने लाथ घालून उघडलं. मग तिची नजर कपाटाखाली गेली. खाली पांढऱ्या ढेपा पडल्या होत्या, बिस्किटं फुटावीत तशा. मी म्हटलं उंदीर. ती म्हणाली, "आजी, बाजूला हो."

"अगं हलवू नको, पाय मोडतील!"

कपाटाचे पाय काही मोडले नाहीत. मागे भेग होती, जमिनीपासून छतापर्यंत. खाली माझा हात मनगटापर्यंत आत गेला. वरवर रंगाऱ्यांची लांबी, म्हणजे ती पांढरी पुट्टी, भरून रंग दिला होता आणि लांबी आता गळून पडत होती. बाहेरचा उजेड दिसत होता भेगेतून. निलगिरीचं एक झाडसुद्धा.

खेथिवे खाली बसली. रडली नाही. ती रडते तेव्हा मी चहा करते. रडत नाही तेव्हा काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. म्हणाली, "वीस वर्षं, आजी. वीस वर्षं मी या भोकाचे पैसे भरणार."

मी म्हटलं झोंडीसाहेबांना माहीत नसेल. कपाट कधी हलवलंच नसेल त्यांनी.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जाऊन चहाच केला.

सोमवार, ४ मार्च

एजंटबाईंना फोन. मोठ्याने बोलायचं बटण दाबलं म्हणून मलाही ऐकू आलं. आवाज किती गोड! घर दाखवायच्या दिवशीपेक्षा जरा कमी, पण गोड.

"खेथिवे डार्लिंग, तुम्ही सही केलीय. घर जसं आहे तसं. तिसरं पान. जसं आहे तसं म्हणजे जसं आहे तसं."

"मला ते तसं आहे हे कुणी सांगितलंच नाही."

"मालकाने फॉर्म भरलाय ना. भिंतीत दोष आहे का? नाही. पाणी गळतं का? नाही. सगळीकडे नाही, नाही, नाही. मी काय भिंती फोडून बघू? मी फक्त दार उघडते, डार्लिंग."

"फक्त रविवारी."

पलीकडे फोन ठेवला. नेटवर्क गेलं असावं.

मंगळवार, १२ मार्च

आज मी विद्यापीठात गेले! जिन्यावर थांबून तीनदा मागे बघितलं, ओळखीचं कोणी बघतंय का म्हणून. कोणी नव्हतं. वाया गेलं.

तिथे गरिबांना फुकट सल्ला देणारं वकिलांचं केंद्र आहे. आम्हाला मिळाली ती वकीलपोर लुंगेलो, अजून पूर्ण वकील नाही, आमची ही तिची पहिलीच केस. चष्मा सारखा नाकावरून घसरतो. मी डब्यात स्कोन, ते माझे छोटे गोड पाव, नेले होते, तिने चार खाल्ले, म्हणजे पोर चांगली.

तिने सगळं समजावलं. मी मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, कारण खेथिवे ऐकत नव्हती, नुसती खिडकीबाहेर बघत होती.

"जसं आहे तसं" लिहिलं की विकणारा सुटतो, पण दोष त्याला ठाऊक नसेल तरच. ठाऊक असून मुद्दाम लपवला असेल तर तो कागद त्याला वाचवत नाही. मग घर घेणाऱ्याला दोन वाटा. दोष एवढा मोठा असेल की आधी कळला असता तर घर घेतलंच नसतं, तर घर परत द्यायचं आणि सगळी किंमत परत घ्यायची. नाही तर घर ठेवायचं आणि किंमत कमी करून फरक मागायचा. एजंटबाईंची तक्रार वेगळी, त्यांच्या वरच्या मंडळाकडे.

मी म्हटलं, "खाणीचं सांगितलं नाही, ते?"

"आजी, खाणीवर कोर्ट म्हणेल, नकाशावर होती, टेकडी चढून बघायची होतीत. खाण त्याने लपवली नाही, टेकडीने लपवली. पण भिंत त्याने लपवली. ती धरायची."

"मग झालं!"

"नाही झालं. त्याला विकण्याआधी माहीत होतं हे आपल्याला दाखवावं लागेल. तो म्हणणार, कपाटामागे कोण बघतं? रंगाऱ्याने लांबी भरली असेल, मला काय माहीत? आणि तसं म्हणाला तर..." तिने चष्मा वर ढकलला. "तर अवघड आहे."

खेथिवेने तेव्हा पहिल्यांदा खिडकीवरची नजर काढली. म्हणाली, "म्हणजे सगळं त्याच्या डोक्यात आहे. माझं घर त्याच्या डोक्यात आहे."

आठ दिवसांत झोंडीसाहेबांना नोटीस जाणार. मी लुंगेलोला म्हटलं, नीट शब्दांत लिही हो, माणूस फार सभ्य आहे.

गुरुवार, २८ मार्च

इंजिनिअर आला. मुद्दाम दुपारी एकला. माझ्या खोलीत जमिनीवर पाण्याचा ग्लास ठेवून उकिडवा बसला. ढुम्म झालं. ग्लासाकडे बघितलं, भेगेकडे बघितलं, आणि म्हणाला, "आजी, आजपासून पुढच्या खोलीत झोपा. आजपासून म्हणजे आत्तापासून."

पाया फुटलाय. भिंत छताला धरून नाही, छत भिंतीला धरून आहे म्हणे. दुरुस्तीचा आकडा त्याने खेथिवेच्या कानात सांगितला.

मला पुढच्या खोलीत झोप येत नाही. म्हातारा झोंडी मागे एकटा.

रविवार, १४ एप्रिल

झोंडीसाहेबांचा फोन! खुद्द! नोटीस मिळाल्यापासून त्यांचे वकीलच बोलतात, आणि आज सरळ मला.

"मामचुनू, आई, तुमच्या पाया पडतो. हे वकिलांना सांगू नका."

काय झालंय, त्यांचं काही धड होत नाही. नव्या घरात बायकोला झोप नाही. गाडी गायीला धडकली, गाय उठून गेली, गाडी गेली नाही. कामावर साहेब पाठीमागे लागलाय. शेवटी बायकोने ओढून जाणत्या बाईकडे नेलं. जाणतीने कौल बघायला हाडं टाकली आणि एकच विचारलं, "तुझा बाप कुठे आहे?"

"तुमच्या घरात, आई. बाप मी घाईत तिथेच सोडून आलो."

माझे तर डोळे भरले. मी म्हटलं, "नोंदाबा, केव्हाही या. बापाला न्यायला कोण अडवतं? ते मजेत आहेत. रोज बोलतो आम्ही." पलीकडून, "रोज?"

शनिवारी येणार. खेथिवेची त्या दिवशी ड्युटी आहे, बरंच झालं, ती त्यांना बोलली असती. मी मादुमाला सांगितलं. मादुमाने रस्त्याला सांगितलं.

शनिवार, २० एप्रिल

आज किती लिहू! हात दुखतो तरी लिहिते.

सकाळीच आल्याचं पेय गाळलं, वाफेचा पाव केला, स्कोन केले. पाहुणे येणार म्हटल्यावर रिकाम्या हाताने कसं चालेल, कोर्टकचेरी आपल्या जागी. दहाला दारात लुंगेलो. इंजिनिअरच्या कागदावर माझी सही हवी होती. मी म्हटलं, बस, खा. ती स्वयंपाकघरात बसली. मादुमा कुंपणावर होतीच, अजून चारजणी रस्त्यावर, उगाच केर काढत.

झोंडीसाहेब आणि त्यांची बायको आली. साहेबांच्या हातात ती फांदी, बोरीच्या जातीचं काटेरी झाड असतं ना, त्याची. कोट, टाय, आणि काटे. मला नमस्कार केला, मीच त्यांना आत नेलं. छताकडे बघत बघत आत आले. मी म्हटलं, "काळजी करू नका, अजून आहे." ते भेगेपाशी गुडघ्यावर बसले. कपाट बाजूला ओढलेलं होतं, त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

आता ही रीत अशी. गेलेल्याशी खरं बोलायचं. त्याला काय झालं, का जातोय, कुठे जातोय, सगळं सांगायचं, तेव्हाच तो फांदीवर येतो. खोटं सांगितलं तर येत नाही, वर रागावतो. आणि एकदा तो फांदीवर आला की घरी पोचेपर्यंत नेणाऱ्याने त्याच्याशिवाय कुणाशी एक शब्द बोलायचा नाही.

त्यात म्हातारा बहिरा. म्हणजे झोंडीसाहेबांना ओरडावं लागलं.

"बाबा! मी वुसुमुझी! न सांगता गेलो बाबा, रागावू नका!"

मी डोळे पुसले.

"बाबा, ही भिंत खाणीने खालून फोडली! तुम्ही गेल्यावर दोन इंजिनिअर आणले! दोघे म्हणाले पाया गेलाय! दुरुस्तीला पैसे नव्हते बाबा! म्हणून मी लांबी भरली, रंग दिला, कपाट लावलं आणि विकलं! तुम्ही इथे राहू नका, हे छत येणार आहे खाली! तिकडे खाण नाही! चला बाबा, नोंदाबा, चला घरी!"

रस्त्यावरचे झाडू थांबले. स्वयंपाकघरात काहीतरी पडलं, ती बशी होती.

मला एवढंच वाटलं, काय लेक आहे! मेलेल्या बापाच्या डोक्यावर छत पडू नये म्हणून एवढं. माझंही डोकं त्याच छताखाली होतं, ते घाईत राहून गेलं असेल.

ते उठले, फांदी दोन्ही हातांत धरून. दारात लुंगेलो उभी. ओठाला स्कोनचा चुरा.

"झोंडीसाहेब, दोन इंजिनिअर म्हणालात?"

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. घाम आला त्यांना. मग फांदीकडे बघून म्हणाले, "बाबा, आता आपण दारातून बाहेर पडतोय."

"लांबी तुम्ही स्वतः भरलीत?"

"बाबा, इथे पायरी आहे."

"विकायच्या आधी की नंतर?"

"बाबा, दोन पायऱ्या!"

बायको मागून खाली मान घालून चालली होती, तिचे खांदे हलत होते. रडत होती की काय ते माझ्या बाजूने दिसलं नाही. गाडीत पुढची जागा म्हाताऱ्याला, पट्टासुद्धा लावला. बायको मागे. मी खिडकीतून पाव दिला, वाटेत खायला.

गाडी वळल्यावर लुंगेलो पायरीवरच बसली. डोकं धरून.

"आजी, मी आता तुमची वकील नाही राहू शकत."

"का गं? मी काय केलं?"

"मी साक्षीदार झाले. तुमच्या स्कोनपायी माझी पहिली केस गेली." आणि मग ही पोर हसायला लागली, मादुमासारखीच, पायरीच्या काठाला धरून. या गल्लीत सगळ्या अशाच हसतात.

आता तिच्या केंद्रातले सर केस बघणार आहेत.

रविवार, २१ एप्रिल

खेथिवेला सगळं समजलं. तिने मला उचलून गोल फिरवलं. एकाहत्तराव्या वर्षी!

पण प्रार्थनेत माझं लक्ष नव्हतं. माणूस माझ्या घरी बापाला न्यायला आला. मी बोलावलं, मी पाव दिला. आणि त्याचं गुडघ्यावरचं बोलणं आता फायलीत जाणार. हे बरं की वाईट? पाहुण्याचं बोलणं उंबऱ्याबाहेर नेऊ नये असं माझी आई सांगायची. पण तो पाहुणा घराचा जुना मालक असला आणि उंबराच फुटका विकून गेला असला तर काय करायचं, हे तिने सांगितलं नव्हतं.

मागच्या खोलीत गेले, हाक मारली. टक् झालं. म्हणजे म्हातारा गेलाच नाही, की भिंतच बोलत होती इतके दिवस? मला जरा लाज वाटली. मग मी तिलाच "सकाळ झाली" म्हटलं.

गुरुवार, ९ मे

झोंडीसाहेबांच्या वकिलाचं पत्र. खेथिवेने दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा मी आग्रह केला म्हणून.

म्हणे, पूर्वजांशी केलेलं बोलणं ही उपासना आहे, ती खाजगी असते. म्हणे, पूर्वजाचं मन वळवायला माणूस वाढवून सांगतो, तो कबुलीजबाब नव्हे. म्हणे, संबंधित पूर्वज दोन वर्षांपूर्वी वारलेले असल्याने उलटतपासणीस उपलब्ध नाहीत. आणि कपाट ही प्रेमाची भेट होती.

केवढे शिकलेले असतात हे लोक.

बुधवार, १९ जून

जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, थंडी एवढी की मी दोन टोप्या घातल्या. कोर्टात खटला उभा राहण्याआधी समेटाला बसवतात, तिथे गेलो. समेट करणाऱ्या होत्या खुझवायोबाई, निवृत्त मॅजिस्ट्रेट, माझ्याच वयाच्या, गुडघ्यावर शाल. मला म्हणाल्या, "हीटरजवळ बसा आई." मी तिथेच प्रेमात पडले.

खेथिवे समोर. तीन रात्री झोपली नव्हती. सरांनी तिला आधीच सांगितलं होतं, इथे मिटलं तर मिटलं, नाही तर दोन-तीन वर्षं कोर्ट, आणि तोवर हप्ते भरत राहायचे. पलीकडे झोंडीसाहेब, त्यांचे वकील, कोपऱ्यात एजंटबाई, सेंट लावून.

खुझवायोबाईंनी फॉर्म उचलला. "भिंती, पाया, छत यांत ठाऊक असलेला दोष. नाही. ही सही तुमची?"

"हो."

"आणि वीस एप्रिलला जे बोललात, ते तुम्ही बोललात?"

वकील उठला. "मॅडम, ते बोलणं उपासनेचं..."

"वकीलसाहेब, तुमचे वडील आहेत?"

"नाही, वारले."

"त्यांच्याशी बोलता?"

वकिलाने टाय सरळ केला. मग हळूच, "सणाला."

"मग बसा." बाई झोंडीसाहेबांकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "मी तुम्हाला एकच विचारते. हवं तर उत्तर देऊ नका, मी काही न्यायाधीश नाही आता. त्या दिवशी वडलांना सांगितलंत ते खरं होतं की खोटं?"

मला त्यांची दया आली, खरंच. खरं म्हणावं तर कागदावर खोटं लिहिलं. खोटं म्हणावं तर बापाला फसवलं, आणि बाप आता त्यांच्या घरात, पलंगाशेजारी.

वकील कानाशी कुजबुजला. झोंडीसाहेबांनी हात झटकला.

"मी माझ्या बापाशी खोटं बोललो नाही."

"मग कागदाशी बोललात," बाई म्हणाल्या, आणि पेन उचललं. "लिहू या का?"

एजंटबाई म्हणाल्या, "मला यातलं काही ठाऊक नव्हतं हं."

झोंडीसाहेब कधी नव्हे ते जोरात बोलले. "रविवारी दाखवू या हे कुणी सुचवलं? कपाट कुठे ठेवायचं हे कुणी सुचवलं, डार्लिंग?"

चारपर्यंत लिहून झालं. घर परत, पूर्ण किंमत परत, नोंदणीचा खर्च परत. एजंटबाईंचं कमिशनही परत, आणि त्यांची तक्रार वेगळी चालणारच आहे. किंमत कमी करून घर ठेवायचं का, असंही विचारलं होतं. खेथिवेने माझ्याकडे बघितलं. तिला ठाऊक होतं मला ती खोली किती आवडते. मी म्हटलं, "पोरी, मला खिडकी आवडली होती. भिंतीतून दिसायला लागेल असं नव्हतं मागितलं."

मग ती रडली. मी उठून चहा कुठे मिळतो ते विचारायला गेले.

शुक्रवार, २१ जून

मादुमा म्हणते तू जिंकलीस. जिंकलीस तर घर का सोडतेस, असं तिच्या नातवाने विचारलं. कायद्याचा विजय असाच असतो म्हणे. ज्याने हरायचं त्याला घर मिळतं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

मंगळवारी पैसे जमा झाले. बँकेने कर्ज मिटल्याचा कागद दिला. खेथिवेने तो पर्समध्ये ठेवलाय आणि दर तासाला उघडून बघते. काल स्वतःसाठी बूट घेतले, लाल! सध्या एडेंडेल वस्तीत दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. माझी खोली लहान आहे, पण मी हातोडी घेऊन सगळ्या भिंती वाजवून बघितल्या. घरमालक बघत होता. बघू दे.

आज किल्ल्या द्यायच्या होत्या. सामान गेलं, कपाट तेवढं राहिलं. मी पायरीवर बसले होते. गाडी आली. झोंडीसाहेबांना नवीन घर विकावं लागलं, हे मला मादुमाकडून कळलं होतं. पैसे परत करायचे म्हणजे कुठून तरी यायला हवेत. राहायला जागा म्हणजे हीच, पुढच्या दोन खोल्यांत, दुरुस्ती होईतो.

आधी बायको उतरली, मागून. मग झोंडीसाहेब. त्यांनी पुढचं दार उघडलं, पट्टा सोडला, आणि फांदी बाहेर काढली.

मी "नोंदाबा" म्हणून हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. बोलता येणार नव्हतं त्यांना. किल्ल्या बायकोच्या हातात दिल्या. तिने माझा हात दाबला. या वेळी खांदे हलत नव्हते.

झोंडीसाहेब फाटकात थांबले. फांदीला म्हणाले, मोठ्याने, बहिऱ्यासाठी बोलावं लागतं तेवढ्या, "बाबा, आलो. उतरा."

मग फांदीकडे कान करून, "हो बाबा. तेच घर."

रस्त्यावर आज कोणी केर काढत नव्हतं. सगळ्या आपापल्या दारात नुसत्या उभ्या.

"नाही बाबा, विकता येईल. पण आता भिंतीचं लिहून द्यावं लागेल. मग कोण घेणार?" त्यांनी फांदी छातीशी धरली. "तुम्हाला विचारलं नाही मी, बाबा. आधी विचारायला हवं होतं."

मी पायरीवरून उठले. दार सताड उघडलं आणि बाजूला झाले, म्हाताऱ्याला आधी आत जाऊ दिलं.